मदत हवी आहे : कॉम्प्रेशन थेरपी कोणी घेतली आहे का?

नमस्कार मंडळी. रविवारी आमचा नाशिकचा ग्रुप सायकलवर त्र्यंबकेश्वरला जातो, अधूनमधून पांडवलेणीच्या पायऱ्याही होतात. पुढचे दोन दिवस पोटऱ्या दगड होतात. गंगापूर रोडला एका रिकव्हरी स्टुडिओत (व्यायामानंतरचा थकवा घालवायचं सेंटर) कॉम्प्रेशन बूट आहेत म्हणे. पायात लांब पिशव्या चढवतात, त्यात पावलापासून मांडीपर्यंत एकेक कप्पा हवेने फुगतो, दाबतो, सोडतो. अर्ध्या तासाचं सेशन.

वाचलं त्यावरून दुखणं थोडं कमी वाटतं, पण दुसऱ्या दिवशी ताकद वाढते वगैरे दावे मला जरा फुगवलेलेच वाटतात (बुटांसारखे). तरी एकदा करून बघायचं आहे. दाब बीपीसारखाच मर्क्युरीच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. पहिल्या वेळी कमीच ठेवायला सांगू ना? राइडनंतर लगेच जावं की संध्याकाळी?

खरी अडचण आईची आहे. तिच्या पायांवर व्हेरिकोज व्हेन्स (फुगलेल्या, वेड्यावाकड्या शिरा) आहेत, तिलाही यायचंय. शिरेत रक्ताची गुठळी असेल, हार्ट फेल्युअर असेल किंवा पायाचा रक्तपुरवठाच कमी असेल तर हे करू नये, एवढं माहीत आहे. स्टुडिओवाले फोनवर "काही होत नाही, घेऊन या" म्हणाले, एका शब्दाने विचारपूस नाही. म्हणून तिला आधी डॉपलर (पायातला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करूनच न्यावं म्हणतोय. नाशकात यासाठी व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांचे) सर्जन कोण चांगले? आणि पायासाठी असं सेशन घेतलेल्या कोणाला मुंग्या, सूज असा त्रास झालाय का?