मार्क चांगले, तरीही एडीएचडी असू शकतो

आपल्याला एडीएचडी (लक्ष टिकवायला, स्वतःला आवरायला अवघड जाणं) असेल का, असं तू विचारलंस, त्यावर कुणीतरी म्हटलं, "दहावीला ९६ टक्के, मग कसला एडीएचडी?" हे म्हणणं मला अजिबात पटलं नाही. माझी भाची ठाण्यातली, कायम पहिल्या तिनात. पण एकच पान चार-चारदा वाचायची, आणि अभ्यास व्हायचा तो परीक्षेच्या आदल्या रात्री, घाबरून. हुशारीवर बारावीपर्यंत निभावलं. इंजिनिअरिंगला सगळंच कोलमडलं. निदानाच्या वेळी दुसरीतलं प्रगतिपुस्तक कामी आलं. बाईंनी लिहिलं होतं, 'सारखी खिडकीबाहेर बघते.' बारा वर्षांच्या आधीपासून, घरी-शाळेत दोन्हीकडे असं होतं का, हे डॉक्टर विचारतातच. तेव्हा आईला सोबत ने. अपुरी झोप, चिंता, थायरॉइड यांनीही लक्ष उडतं, तेही तपासून घे. मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला बिचकत असशील, तर आधी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोल, फुकट आहे.