पीसीओडी (अंडाशयाचा अन् हार्मोनचा त्रास) अन् नवरा-बायकोचं जवळपण : तुमचे अनुभव लिहा न

पऱ्हाटीचं_फूल
परवा दादाकडे गेली होती, दारव्ह्याजवळ आमचं माहेर. पहाटे पाचला न्हाणीत उजेड दिसला म्हणून डोकावलं तर दादाची पोरगी, 19 वर्षांची, मोबाईलची टॉर्च कोनाड्यात लावून, फुटक्या आरशात पाहून चिमट्यानं हनुवटीचे केस उपटून राहिली होती. मला पाहताच तिनं ओढणी तोंडावर ओढली. ते ओढणी ओढणं मी ओळखते.

2009 मध्ये लग्न झालं तेव्हा मी 22 ची. रोज साडेचारला उठायची, यांच्या आधी, अन् चुलीच्या उजेडात हेच करायची. रात्री यांनी गालावर हात ठेवला की मान फिरवायची कारण तोवर बारीक खुंट आलेले असायचे. त्यांना वाटे मी नाराज आहे, मला वाटे आपल्या बाईपणातच काही कमी आहे. चार-चार महिने पाळी नाही, मान काळी, हे सगळं डॉक्टरांना सांगितलं. पण इच्छाच होत नाही, अंग चोरून घेते, हे नाही सांगता आलं अन् त्यांनीही नाही विचारलं. मूल अन् वजन यावर सगळेच बोलतात, रात्रीचं कोणीच बोलत नाही. म्हणून हा धागा काढला. नाव बदलून लिहा, पण लिहा बायांनो.

सांजवेळ
चौदावा दिवस. ज्यांना समजायचं त्यांना समजलं असेल. अंडं वाढायच्या लेट्रोझोल गोळ्या पाच दिवस, मग नवव्या दिवसापासून एसटीनं तालुक्याला सोनोग्राफी, अंडं 14 एमएम, 16 एमएम, 19 झालं की फुटायचं इंजेक्शन अन् मग डॉक्टर सांगत, आज रात्री अन् उद्या रात्री. इकडं आमच्या फीडरची शेतपंपाची थ्री फेज लाईन नेमकी त्या आठवड्यात रात्रीची. हे बारा वाजता हरभऱ्याच्या ओलिताला जात अन् पहाटे चिखलाचे पाय घेऊन येत. एकदा खाटेवर बसले अन् म्हणे, आज नाही होत वं माझ्यानं. मी रडली, ते पण रडले. सात महिने असं चाललं. पोरगी झाली देवाच्या दयेनं, पण जवळ येणं म्हणजे ड्युटी हे डोक्यातून जायला ती तीन वर्षांची व्हावी लागली.

तुराटी
वं माय. चिखलाचे पाय वाचून पोटात कालवलं.

अनामिका_27
माझं लग्न व्हायचं आहे, लिहिलं तर चालते न? डॉक्टरांनी पाळीसाठी गोळ्या दिल्या, त्या गर्भनिरोधकच असतात, तर मेडिकलवाल्यानं पाकीट असं पेपरात गुंडाळून दिलं की जसं मी काही चोरून नेत आहे. आई ते तुरीच्या डाळीच्या डब्यात ठेवते, पाहुणे येतात म्हणून. पुढच्या महिन्यात एक स्थळ येऊन राहिलं. पोटावर, छातीवर पण केस आहेत माझ्या. पहिल्या रात्री तो काय म्हणेल याच भीतीनं झोप उडते. आधी सांगू का त्याला?

रोडगे_वांग्याची_भाजी
सांग बाई. मी साखरपुड्यानंतर फोनवर सांगितलं, बोलताना दातखिळी बसल्यासारखी झाली होती. ते म्हणे माझ्या आत्याला पण होतं. बस, विषय संपला. ज्याचा विषय असा संपत नाही ते घर लग्नाआधीच कळलेलं बरं.

बेलाची_पानं
पहिल्या रात्रीचं म्हणशील तर मला दुखायचंच जास्त. सहा महिने मी डोळे मिटून पडून राहायची. नंतर नागपूरच्या एका मॅडमनी धीरानं विचारलं तेव्हा निघालं, भीतीनं अंग आवळलं जाते अन् ओल येत नाही. जेल लिहून दिली, अन् यांना बोलावून सांगितलं की घाई करू नका, काही दिवस नुसतं जवळ बसा. आम्ही अंगणात बाज टाकून नुसते बोलत बसायचो. सासूबाईंना वाटलं भांडण झालं 😊

उपकेंद्रवाली
मी एएनएम, म्हणजे उपकेंद्रातली नर्स आहे, आज लसीकरण आहे, घाईत लिहिते. अंडाशयात गाठी गाठी म्हणून घाबरू नका, त्या अर्धवट वाढून थांबलेल्या अंड्यांच्या बारीक पिशव्या असतात. अंगात पुरुषी हार्मोन वाढते, इन्सुलिन नीट काम करत नाही, त्यानं केस, मुरूम, काळी मान. पाळीची गडबड, पुरुषी हार्मोन जास्त, सोनोग्राफीत तसं अंडाशय, या तीनपैकी दोन असले अन् थायरॉईडसारखं दुसरं कारण नसलं तर पीसीओएस, म्हणजे हीच पीसीओडी, धरतात, म्हणून बारीक बाईलाही होते. जागतिक आरोग्य संघटना सांगते मूल होण्याच्या वयातल्या 10 ते 13 टक्के बायांना असते अन् त्यातल्या 70 टक्क्यांपर्यंत बायांना माहीतच नसते. अन् पऱ्हाटीताई, 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये मनाची अन् शरीरसंबंधाची तक्रारही लक्षात घ्यावी असं आहे. तुमचा प्रश्न दवाखान्यात विचारायचाच प्रश्न होता, लाजायचा नाही. तीन महिने पाळी नाही आली तर बसून राहू नका, गर्भाशयाचं अस्तर जाड होत जाते.

संत्र्याची_बाग
अजून एक घाला ताई. पीसीओडी आहे म्हणजे दिवस जातच नाहीत असं समजून आम्ही काहीच वापरलं नाही. पाळी तशीही दोन-तीन महिन्यांनी यायची, त्यामुळं मनात शंकाच नाही आली. सोनोग्राफीला गेली तर चौथा महिना! धाकट्याचा जन्म तसा झाला. अंडं कधीतरी फुटतेच बायांनो.

तुराटी
संत्रावाल्या ताई, तुम्ही वरूडच्या का? मृग बहार कसा आहे यंदा?

संत्र्याची_बाग
मोर्शीकडच्या. फळगळ लय आहे. व्यनि (खाजगी निरोप) करते.

धुऱ्यावरचा
मी पुरुष माणूस आहे, बायांच्या धाग्यावर लिहून राहिलो, माफी असावी. बायको मला दूर ढकलायची तेव्हा मी दुसरंच काही समजलो. दोन वर्षं बोललो नाही धड. दिवाळीत तिनं तिची फाईल माझ्यापुढं ठेवली अन् म्हणे वाचा. मला इंग्रजी जमत नाही, तिनंच एकेक कागद वाचून दाखवला. त्या रात्री पहिल्यांदा तिनं मला चेहऱ्याला हात लावू दिला. आधी विचारलं असतं तर ती दोन वर्षं वाया गेली नसती.

सांजवेळ
दादा, लिहिलं हे बरं केलं. आमच्या यांना वाचून दाखवते.

रोडगे_वांग्याची_भाजी
थ्रेडिंग केलं तर केस जाड येतात म्हणतात, खरं का हो?

उपकेंद्रवाली
नाही येत. वस्तऱ्यानंही नाही, टोक कापलं गेल्यानं राठ लागतात एवढंच. पण हनुवटीला पुरळ उठत असेल तर चिमटा थांबवा. औषधानं केस कमी व्हायला सहा महिने तरी लागतात, मध्येच सोडू नका.

पऱ्हाटीचं_फूल
सगळं वाचलं, दोनदा वाचलं. आज परत दादाकडे आली आहे. वहिनी वेचणीला गेल्यावर पोरीला म्हटलं, तुझ्या आत्याच्या हनुवटीला हात लाव. तिनं लावला. मग पाळीचं विचारलं तर म्हणे पोळ्यापासून नाही आली. सोमवारी सकाळच्या एसटीनं दोघी जाणार. आरसा न्हाणीतून काढून खिडकीत लावला आहे, उजेड चांगला येतो तिथं.