हिमफूल लुळं का पडतं
क्रोशाने विणलेलं हिमफूल (हिमकणाच्या आकाराची शोभेची नक्षी) लुळं का पडतं, असं विचारलं की विणकाम सैल झालंय, एका नंबरने बारीक सुई घ्या, असा सल्ला मिळतो. थोडा फरक पडेलही, पण नवशिक्यांची खरी अडचण ती नसावी. सुईवरून उतरलेलं हिमफूल कुणाचंही चुरगळलेल्या रुमालासारखंच दिसतं. माझी पहिली चार तर मी उसवून टाकली, उगाच. आकार येतो तो खळ लावून, टाचण्या टोचून वाळवल्यावर.

थर्माकोलवर कागद ठेवून मधल्या बिंदूपासून ६०-६० अंशांवर सहा रेघा मारायच्या, वर प्लास्टिक. पाणी गोठताना रेणूंची षटकोनी जाळी होते, म्हणून हिमकणाला टोकं सहाच. आठ केलीत की झाला टेबलावरचा रुमाल. (६ साखळ्यांचं कडं, त्यात १२ खांब (सुईवर दोरा घेऊन घातलेले उंच टाके), दर दोन खांबांवर एक टोक. सुरुवातीला एवढं पुरे.) साबुदाण्याच्या दाट खळीत बुडवून, हलकं पिळून, एकेक टोक रेघेवर ताणून टोचायचं आणि रात्रभर हात लावायचा नाही. टाचण्या न गंजणाऱ्या, स्टेनलेस स्टीलच्याच हव्यात, गंजाचा डाग पांढऱ्या दोऱ्यावरून सहज जात नाही. साखरेच्या पाकाचा उपाय आपल्याकडे नकोच, मुंग्या येतात. मुंबईच्या पावसाळी हवेत खळही नरम पडते, तेव्हा मी फेविकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं घेते. आणि हो, दोरा सुती घ्या. ॲक्रिलिक लोकर खळ नीट धरत नाही.