‘अपोक्रिफा’ला मराठीत काय म्हणावं?

इजिप्तमधल्या नाग हम्मादीजवळ सापडलेल्या कॉप्टिक (इजिप्तमधल्या ख्रिस्ती लोकांची जुनी भाषा) पोथ्यांवरचा एक लेख मराठीत आणते आहे आणि पहिल्याच पानावर अडले आहे. ‘अपोक्रिफा’ (ढोबळमानाने, बायबलच्या मान्य यादीबाहेरचे ग्रंथ) हा शब्द तिथे तीनदा येतो आणि तिन्ही वेळा अर्थ किंचित सरकतो. आजवरच्या मराठी वाचनात मला त्यासाठी ‘प्रक्षिप्त’, ‘बनावट’ आणि ‘गुप्त’ असे तीन शब्द भेटले. तिन्ही एकाच शब्दाचे प्रतिशब्द असतील असं वाटत नाही. जाणकारांनी मदत करावी.

प्रतिसाद १

‘प्रक्षिप्त’ आधी बाजूला ठेवा. गाथेत कुणी मागाहून अभंग घुसडला तर तो प्रक्षिप्त. तिथे मूळ ग्रंथ एक आणि भर दुसऱ्याची, असा मामला असतो. नाग हम्मादीतलं थोमाचं शुभवर्तमान (येशूच्या वचनांचा संग्रह) कुठल्या ग्रंथात घुसडलेलं नाही, ती सबंध स्वतंत्र पोथी आहे. ११४ वचनं, एकापुढे एक. ना जन्मकथा, ना क्रूसावरच्या मरणाची कथा.

‘बनावट’ हा तर निकाल झाला. अर्थ सांगायच्या जागी निकाल कसा देणार?

मूळ ग्रीक ‘अपोक्रिफोस’ म्हणजे झाकून ठेवलेलं, नजरेआड केलेलं. हा शब्द सुरुवातीला शिवी नव्हता. नाग हम्मादीच्याच पोथ्यांत एका ग्रंथाचं स्वतःचं नाव ‘योहानाचा अपोक्रिफोन’ असं आहे. लिहिणाऱ्याने ते अभिमानाने दिलंय: हे ज्ञान सगळ्यांसाठी नाही, अधिकारी माणसासाठी राखून ठेवलेलं आहे. आपल्याकडे उपनिषदाला ‘रहस्य’ म्हणत, किंवा महानुभावांनी आपल्या पोथ्या सकळ लिपीत ठेवल्या, त्याच्या जवळ जाणारी ही भावना. मग इ. स. १८०च्या सुमारास ल्योंचा (आजचं फ्रान्स) बिशप इरेनियस पाखंडी पंथांवर लिहिताना ‘अपोक्रिफा आणि खोटे’ ग्रंथ असे दोन शब्द जोडीने वापरतो. त्या शेजारामुळे पहिल्या शब्दाला दुसऱ्याचा वास लागला, तो आजतागायत गेलेला नाही.

३६७ साली अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस याने ईस्टरच्या पत्रात आज बायबलच्या नव्या करारात असलेल्या २७ पुस्तकांची यादी दिली. त्या पत्रात वर्ग तीन आहेत, दोन नव्हेत. प्रमाण (अधिकृत मानलेली) पुस्तकं, नवशिक्यांना वाचायला चालतील अशी पुस्तकं (‘डिडाखे’, ‘हर्मासचा मेंढपाळ’) आणि अपोक्रिफा. म्हणजे ‘प्रमाण नाही’ एवढ्याने कुठलंही पुस्तक अपोक्रिफा होत नव्हतं. तुमच्या लेखात कुठला अर्थ कुठे आहे ते आधी पाहा.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादातल्या ‘प्रमाण’ शब्दावर थोडं थांबावंसं वाटतं. ग्रीक ‘कॅनन’ म्हणजे बोरू, त्यावरून मोजपट्टी, त्यावरून नियम. हाच शब्द अरबीत ‘कानून’ झाला आणि आपल्याकडे ‘कायदेकानू’मध्ये येऊन बसला. आणि आपलं ‘प्रमाण’ आलं ते ‘मा’ म्हणजे मोजणे या धातूवरून! दोन भाषांनी वेगवेगळ्या वाटेने मोजपट्टीच हातात घेतली. ‘कॅनॉनिकल’ला ‘प्रमाणग्रंथ’ यापेक्षा चांगला शब्द मला तरी माहीत नाही. मग ‘प्रमाणबाह्य’ हा सर्वसाधारण, निकाल न देणारा शब्द आपोआप मिळतो. ‘अप्रमाण’ मात्र नको, त्यात खोटेपणा डोकावतो.

‘खिल’ कुणी सुचवलं तर? ऋग्वेदाची खिलसूक्तं, महाभारताचं खिल म्हणून हरिवंश. शब्द सुंदर आहे, पण खिल हे मुख्य ग्रंथाला जोडून, मानाने ठेवलेलं असतं. इथे तर वाद होता.

प्रतिसाद ३

मी वसईची, कॅथलिक. एक सावधगिरी सांगते. आमच्या बायबलात ७३ पुस्तकं, प्रोटेस्टंट बायबलात ६६. जुन्या करारातली तोबित, यहूदिथ, ज्ञानग्रंथ, बेनसिरा, बारूख आणि मक्काबींची दोन अशी सात पुस्तकं आमच्यासाठी धर्मग्रंथच आहेत. प्रोटेस्टंट परंपरेत त्यांनाही ‘अपोक्रिफा’ म्हणतात. तुम्ही नुसतं ‘अपोक्रिफा’ लिहिलंत तर निम्मे वाचक मक्काबींकडे जातील आणि निम्मे थोमाकडे. ‘बनावट’ लिहिलंत तर आमच्यातल्या कुणाच्याही मनाला लागेल.

प्रतिसाद ४

गोव्यातून लिहितो. आमच्याकडे तळावलीच्या सांत आना चर्चमध्ये जुलैअखेर तवशांचं (काकड्यांचं) फेस्त भरतं. मूल व्हावं म्हणून जोडपी सांत आनेपुढे तवशी ठेवतात. आना म्हणजे मरियेची आई, येशूची आजी. आता बायबलातल्या चारही शुभवर्तमानांत शोधा, आनेचं नाव सापडणार नाही. ते येतं ‘याकोबाचं आद्यशुभवर्तमान’ या दुसऱ्या शतकातल्या ग्रीक पुस्तकातून. तिथे निपुत्रिक आना बागेत बसलेली असते, झाडावर चिमण्यांचं घरटं बघते आणि रडते: पाखरांनाही पिलं आहेत, मलाच नाही. हे पुस्तक पश्चिमेच्या याद्यांत अपोक्रिफा ठरलं. सोळाव्या शतकात गियोम पोस्टेल या फ्रेंच पंडिताने पूर्वेकडून ते आणलं आणि १५५२ साली त्याचं लॅटिन भाषांतर स्वित्झर्लंडमधल्या बाझलला छापलं गेलं. पण तोवर आना घरोघरी पोचलेलीच होती. म्हणून ‘त्याज्य ग्रंथ’ किंवा ‘नाकारलेले ग्रंथ’ असं लिहू नका. यादीने नाकारलं, लोकांनी नाही.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. घरट्याचा प्रसंग मला ठाऊकच नव्हता.

आता असं ठरवते आहे: वर्ग सांगायचा तिथे ‘प्रमाणबाह्य ख्रिस्ती ग्रंथ’, इरेनियस, अथानासियस बोलत असतील तिथे ‘अपोक्रिफा’ तसाच ठेवून अर्थ वाक्यातच सांगायचा, आणि ग्रंथाने स्वतःचं नाव सांगितलं असेल तिथे ‘गुप्तग्रंथ’. पण ‘गुप्त’बद्दल अजून मन साशंक आहे. थोमाच्या पोथीची पहिली ओळ अशी: जिवंत येशूने सांगितलेली आणि दिदुम यहूदा थोमाने लिहून ठेवलेली ही गुप्त वचनं. मराठीत ‘गुप्त’ म्हटलं की आधी गुप्तहेर आठवतो, नाहीतर गुप्तधन.

प्रतिसाद १ (पुन्हा)

गुप्तधन आठवलं तर बिघडलं कुठे? १९४५च्या डिसेंबरात नाग हम्मादीजवळ मोहम्मद अली अल-सम्मान हा शेतकरी खतासाठी ‘सबाख’ माती खणत होता. रांजण लागला. त्याने पुढे सांगितलं ते असं: आत जिन असेल म्हणून आधी फोडायला धजेना, मग सोनं असेल असं वाटून कुदळ घातली. हंड्याची राखण करणाऱ्या भुताच्या गोष्टी आपण ऐकल्यात, त्यातलंच हे. निघाल्या चामडी बांधणीच्या पोथ्या. १२ पोथ्या आणि तेराव्या पोथीची काही पानं आज आपल्या हाती आहेत, त्यात सुमारे ५२ लेखनं. काही पानं आईने चुलीत घातली असंही तो सांगे. ही हकीकत त्याने कित्येक वर्षांनी सांगितली आणि अभ्यासक तिच्यावर आता शंका घेतात, तेव्हा लेखात ‘त्याच्या सांगण्यानुसार’ हे शब्द गाळू नका.

वचनासाठी मात्र मी ‘झाकली वचनं’ सुचवेन. पाचवं वचन बघा: तुझ्या डोळ्यांपुढचं ओळख, म्हणजे जे झाकलेलं आहे ते तुला उघडं होईल. ‘झाकलेलं’ला ‘उघडं’ अशी जोडी मराठीत सहज बसते, ‘गुप्त’ला नाही बसत. याच वचनाच्या ग्रीक तुकड्यात आणखी एक शेपूट आहे, जे कॉप्टिकमध्ये नाही: पुरलेलं असं काही नाही जे उठवलं जाणार नाही. तो तुकडा इजिप्तमधल्याच ऑक्सिरिंकस या प्राचीन शहराच्या उकिरड्यातून निघाला, नाग हम्मादीच्या कितीतरी आधी.

मूळ प्रश्नकर्ती

‘झाकली वचनं’ घेतलं. पण मग ‘योहानाचा गुप्तग्रंथ’ही बदलायला हवा, नाहीतर एकाच लेखात मूळच्या एका अर्थाला दोन शब्द होतात. ‘योहानाची झाकली पोथी’ कानाला कसं लागतं?