मदत हवी आहे: १५ वर्षं वेब फॉर्म्समध्ये गेली, आता नाशिकमध्येच नोकरी कशी शोधू?

मंडळी, जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

मी ४२ वर्षांची. अंबडच्या एका छोट्या कंपनीत १५ वर्षं कारखान्यांसाठी ईआरपी (खरेदी, साठा, बिलं सांभाळणारं सॉफ्टवेअर) करतेय. एएसपी डॉट नेट वेब फॉर्म्स (मायक्रोसॉफ्टचं वेबपानं बनवायचं जुनं तंत्र), एसक्यूएल सर्व्हर (डेटाबेस), क्रिस्टल रिपोर्ट्स (अहवाल छापायला), बस्स. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला तेव्हा सगळी बिलं बदलता बदलता आठवडाभर रात्री दहाच्या आत घर दिसलं नाही. आता मालक मार्चनंतर गाशा गुंडाळतायत. (माणूस भला, तीन महिने आधी सांगितलं.)

गेल्या आठवड्यात एक मुलाखत दिली. समोरचा मुलगा माझ्या भाच्याच्या वयाचा. "गिटमध्ये ब्रँचिंग कसं करता?" (गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, ब्रँचिंग म्हणजे त्यात कामाची वेगळी फांदी काढणं.) आम्ही रोज संध्याकाळी प्रोजेक्टची झिप करतो आणि तारीख घालून सर्व्हरवर ठेवतो, हे मी खरं खरं सांगून टाकलं. हसला नाही बिचारा, पण पुढचे प्रश्न भराभर उरकले.

पुण्याला जाणं शक्य नाही. मिस्टर सातपूरला कामाला, मुलगी दहावीत. एक क्लासवाले म्हणतात, "डॉट नेट मेलं, डेटा सायन्स करा." फी ८५ हजार. भरू का?

प्रतिसाद १
ताई, अजिबात भरू नका. डॉट नेट मेलेलं नाही, वेब फॉर्म्स मागे राहिलं. २०१६ मध्ये डॉट नेट कोअर हा डॉट नेटचा नवा अवतार आला, त्यात मायक्रोसॉफ्टने वेब फॉर्म्स घेतलंच नाही. सी शार्प भाषा आणि डेटाबेसचं एसक्यूएल मात्र तेच. आधी गिट शिका, दोन शनिवार-रविवार पुरतात. मग एएसपी डॉट नेट कोअरमध्ये वेब एपीआय (दुसऱ्या प्रोग्रामना वेबवरून माहिती देणारा भाग). पोस्टबॅक आणि व्ह्यूस्टेट या वेब फॉर्म्सच्या सवयी डोक्यातून जायला मला दोन महिने लागले होते. कोड लिहायच्या व्हिज्युअल स्टुडिओची कम्युनिटी आवृत्ती फुकट आहे, मायक्रोसॉफ्टचे धडेही.

प्रतिसाद २
मी मुलाखती घेतो म्हणून सांगतो. जॉबवर्कला (बाहेरच्याकडून प्रक्रिया करून घ्यायला) दिलेला कच्चा माल वर्षात परत आला नाही, तर जीएसटीत पाठवला त्याच दिवशी विकला असं धरून कर लागतो, हे नव्या पोरांना समजावताना आमच्या नाकी नऊ येतात. तुम्हाला ते झोपेतही येत असणार. मग जॉबवर्क चलनाचं एवढं एकच मॉड्यूल नव्याने लिहा आणि गिटहबवर (गिटमधला कोड ऑनलाइन ठेवायची जागा) टाका. कंपनीचा कोड उचलू नका, डेटाही खोटाच घ्या. बायोडेटात हे वर, क्रिस्टल रिपोर्ट्स पार खाली.

धागाकर्ती
दोघांचे आभार. क्लासवाल्यांना नाही कळवलं. काल रात्री गिट बसवलं, पण पहिल्याच कमिटला (बदल नोंदवताना) "तू कोण ते सांग" म्हणून अडून बसलंय. हे कुठे सांगायचं?

प्रतिसाद १
हाहा, सगळ्यांनाच विचारतं. गिट कॉन्फिग कमांडने नाव आणि ईमेल एकदाच द्या, ग्लोबल लावून.