याओ मिंग: उंचीपलीकडचा

चिनी बास्केटबॉलपटू याओ मिंगचं कौतुक मुळात त्याच्या उंचीचं होतं, असं म्हटलं जातं. साडेसात फूट माणूस दिसला की नजर जाणारच, पण मी त्याच्या प्रेमात पडलो ते त्याच्या वागण्यामुळे.

२००२ मध्ये अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधल्या ह्यूस्टन रॉकेट्स संघाने त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिल्या क्रमांकावर घेतलं. वय जेमतेम २१, इंग्रजी तोडकंमोडकं, सोबत दुभाषा. पहिल्या सामन्यात एकही गुण नाही. किती जणांनी लगेच त्याला मोडीत काढलं! पुढच्याच महिन्यात लेकर्स संघाविरुद्ध नऊपैकी नऊ शॉट बास्केटमध्ये आणि २० गुण.

लेकर्सचा स्टार खेळाडू शकील ओनीलने त्याच्या भाषेची नक्कल करून टर उडवली होती. आपल्याला कोणी असं हिणवलं असतं तर डोकं भडकलं असतं. याओ काय म्हणाला? चिनी भाषा अवघडच आहे, मलाही शिकायला वेळ लागला. बास. मग जानेवारी २००३ मध्ये दोघं ह्यूस्टनला समोरासमोर आले, तेव्हा याओने सुरुवातीच्या मिनिटांतच ओनीलचे शॉट अडवले. सामना ओव्हरटाइममध्ये गेला आणि रॉकेट्स जिंकले.

अजून एक, त्याचे आईवडील दोघंही बास्केटबॉलपटू, आणि ते ह्यूस्टनला त्याच्याबरोबर राहत होते. परक्या मुलुखात घरी गेल्यावर आपली भाषा कानावर पडणं किती आधाराचं असतं, हे घर सोडून राहिलेल्यालाच कळेल. पायाच्या दुखापतींनी त्याला २०११ मध्ये निवृत्त व्हायला लावलं, याची हळहळ मला आजही वाटते.