नवी क्लच वायर टाकल्यापासून घाटात गाडी ओढत नाही

वाईचा दूधवाला:
गाडी १०० सीसीची, ११ वर्षांची. रोज पहाटे २० लिटरचे दोन कॅन लावून पसरणी घाटाने पाचगणीला जातो. महिन्यापूर्वी क्लच वायर लिव्हरपाशी तुटली, गॅरेजात नवी टाकली. तेव्हापासून सपाटीला ठीक, पण घाटात तिसऱ्यात रेस दिली की इंजिन नुसतं ओरडतं, गाडी तिथंच. कालपासून जळका वास येतोय. न्यूट्रल मात्र लगेच पडतो. क्लच प्लेटा गेल्या का? दूध उशिरा पोचलं तर गिऱ्हाईक तुटतं, म्हणून गाडी गॅरेजात ठेवायला जीव धजत नाही.

जुना फिटर:
दादा, न्यूट्रल पडतो म्हणजे क्लच सुटतोय, पण पुरता धरत नाही. आधी प्ले, म्हणजे लिव्हरची मोकळी हालचाल, बघा. लिव्हरचं टोक बोटानं दाबा, १० ते २० मिलिमीटर मोकळं हललं पाहिजे, मग जड लागलं पाहिजे. नवी वायर ताठ ओढून बसवली असेल, तर लिव्हर सोडला तरी प्लेटांवरचा दाब कमीच राहतो. मग त्या घासतात, जळतात. लिव्हरपाशी वायर कमीजास्त ताणायचा वरचा अ‍ॅडजस्टर पूर्ण आत घ्या, इंजिनापाशी लॉकनट सैल करून तिथं प्ले द्या, नट आवळा. वरून फक्त थोडं कमीजास्त करायचं. नंतर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. प्ले कमी झाला तर वायर कुठंतरी अडकतेय.

सातारकर:
ऑइल कुठलं टाकलंय? कारचं चालत नाही, क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं बघा, ती अशा क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण.

वाईचा दूधवाला:
ऑइल मोटारसायकलचंच आहे, एमए. प्ले मात्र अजिबात नव्हता! १५ मिलिमीटर ठेवला. रिकामी गाडी आज मस्त चढली, पण कॅन लावल्यावर वरच्या वळणांना अजून घसरते.

जुना फिटर:
मग महिनाभरात प्लेटा भाजल्यात. दुपारी, दूध घालून आल्यावर उघडून घ्या, काम त्याच दिवशी होतं. नव्या प्लेटा बसवण्याआधी इंजिन ऑइलमध्ये भिजवायला सांगा, आणि प्लेटा दाबून धरणाऱ्या स्प्रिंगांची लांबी मोजायला लावा. ११ वर्षांच्या स्प्रिंगा दबून आखूड झालेल्या असतात, त्या तशाच ठेवल्या तर नव्या प्लेटाही घसरतील.

वाईचा दूधवाला:
उघडली. प्लेटा काळ्या पडलेल्या, चारही स्प्रिंगा आखूड. सगळं बदललं. आज दोन्ही कॅन भरून तिसऱ्यात चढलो. काका, तुमचे फार उपकार झाले.